मगरीचा शेजार

मुलुंडहून अंधेरीला जाणाऱ्या बसमध्ये चढले की उजव्या हाताची खिडकी पकडायची, हा माझा गेल्या सतरा वर्षांचा नेम आहे. आय. आय. टी. चे फाटक मागे पडले, की थोड्याच वेळात उजवीकडे पवईचे पाणी दिसू लागते आणि मी हातातले वाचन मिटून बाहेर पाहू लागतो. वाचन कसले, विद्यार्थ्यांच्या निबंधांचा गठ्ठा असतो तो! मिटायला निमित्तच हवे असते.

या रस्त्याने रोज जाणाऱ्या मंडळींत एक वाद वर्षानुवर्षे चालू आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की मध्ये चिखलाचा एखादा उंचवटा डोके वर काढतो. त्याला आम्ही कौतुकाने ‘बेट’ म्हणतो. या बेटावर पुष्कळदा काहीतरी लांबट, काळसर पडलेले दिसते. ते लाकूड की मगर? वाहतूक तुंबलेली असली (आणि ती नसते कधी?) म्हणजे वादाला भलताच रंग चढतो. एकदा तर कंडक्टरने तिकिटे द्यायची थांबवून शांतपणे निकाल दिला, “लाकूड आहे. मगर असती तर एवढ्या वेळात हलली नसती का?” आणि त्याच क्षणी त्या लाकडाने आपले तोंड उघडले! सारी बस उजवीकडे झुकली. मगर उन्हात तोंड उघडून पडते ती अंगातली उष्णता कमी करण्यासाठी, हे मला पुढे कळले. त्या दिवशी मात्र ती आमच्या कंडक्टरलाच हसली, असे साऱ्या बसचे एकमत झाले.

हे सारे आज सांगायचे कारण असे, की मला या पानावर एक चूक पदरात घ्यायची आहे. नेहमीच्या वाचकांना कदाचित आठवत असेल, २०२१ सालच्या दिवाळीत याच सदरात मी पवईच्या काठाकाठाने होऊ घातलेल्या सायकलवाटेचे तोंडभरून कौतुक केले होते. ‘मुंबईकराला चालायला जागा द्या’ असे काहीसे त्या मजकुराचे पालुपद होते. त्याला घरगुती कारण होते. त्या वर्षी माझ्या रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितले. चालायचे कुठे? आमच्या रस्त्यावरच्या पदपथावर आधी भाजीवाला बसतो, मग मोटारसायकली, मग केबलवाल्याची खोदाई. मी इमारतीच्या आवारात मोटारींच्या भोवती घाण्याच्या बैलासारखा फिरत असे. अशा माणसाला कोणी सांगितले, की तलावाच्या काठाने जाणारी लांबलचक, गुळगुळीत वाट होते आहे, वर सकाळचे कोवळे ऊन आणि शेजारी पाणी, तर तो लेख लिहिणार नाही तर काय करील?

अंक वाचकांच्या हाती पडला, त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने ते काम तूर्त थांबवायला सांगितले. आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी येऊन दत्त म्हणून उभी राहिली.

तिच्याविषयी सांगण्याआधी या तलावाची थोडी कुळकथा सांगायला हवी, कारण ती मोठी गमतीची आहे. मुंबईला पाणी पाजण्यासाठी साष्टीच्या डोंगरांत जी तळी बांधली, त्यांत विहार १८६०चा, तुळशी १८७९चा. दोघेही परीक्षेत उत्तम उतरले आणि आजही शहराला पाणी देताहेत. पवईचा तलाव तिसरा, १८९० साली पुरा झालेला. खर्च त्या काळचे १२ लाख ५९ हजार रुपये. पाणलोट ६.६१ चौरस किलोमीटरचा, भरला म्हणजे पाण्याचा विस्तार २.२३ चौरस किलोमीटर आणि आत सुमारे ५४५ कोटी लिटर पाणी. एवढा सगळा सरंजाम झाला, पण हा पोरगा नापास! पाणी पिण्यालायक नाही, असा त्याच्यावर शेरा बसला, तो कायमचा. मग ते पाणी कारखान्यांना आणि आरे वसाहतीला द्यायचे ठरले. तलाव भरला की वर्तमानपत्रात दरसाल बातमी येते आणि तिच्या शेवटी ‘या तलावाचे पाणी पिण्यासाठी वापरले जात नाही’ हे वाक्य असतेच असते. इतक्या वर्षांनीही प्रगतिपुस्तकातला लाल शेरा काही पुसला जात नाही.

शिक्षकाला नापास मुलांविषयी एक छुपी माया असते. हुशार मुलांवर साऱ्यांचे लक्ष असते. विहार आणि तुळशी तशी पहाऱ्यात आहेत. तिथे तुम्हांआम्हांला सहज जाता येत नाही. नापास झालेल्या पवईकडे मात्र कोणी फारसे फिरकले नाही, आणि त्या दुर्लक्षात त्याच्या काठाला लव्हाळी वाढली, झाडोरा माजला, जांभळ्या पाणकोंबड्या आल्या, कमळपक्षी आले आणि मगरी नांदू लागल्या. दुर्लक्षाची दुसरी बाजूही होती. चहूकडे वस्त्या आणि मनोरे उठले, त्यांची गटारे याच पाण्यात उतरली, आणि त्या खतावर जलपर्णीचे हिरवे गालिचे पसरले. कित्येक पाहुण्यांना ते मैदानच वाटते. “वा, इथे क्रिकेट छान होत असेल!” असे आमच्या एका मेहुण्यांनी म्हटलेले मी ऐकले आहे.

तर ती विद्यार्थिनी. हातात एक छापील कागद होता. सायकलवाटेला विरोध करणाऱ्या मंडळींचे ते पत्रक. मूळ इंग्रजी, त्याचे कोणा यंत्राकडून मराठी केलेले, आणि ते मराठी असे, की वाचताना माझी साखर वाढली असावी. “सर, जरा शुद्ध करून द्या,” ती म्हणाली. मी म्हटले, “अगं, पण मी तर त्या वाटेच्या बाजूचा. माझा लेख वाचला नाहीस?”

“वाचला सर. म्हणूनच आले.”

आता यावर काय बोलायचे? शुद्धलेखनाला पक्ष नसतो, अशी मनाची समजूत घालून मी तो कागद ठेवून घेतला. आणि एकदा लेखणी हातात आल्यावर मास्तराचा हात थांबतो थोडाच! रात्री बसून मी ते पत्रक नव्यानेच लिहून काढले. ‘निसर्गदेवतेच्या शीतल अंकावर पहुडलेले हे जलवैभव’ असा काहीसा त्याचा आरंभ होता. खोटे कशाला सांगू, मला तो आवडला होता.

रविवारी सकाळी सहा वाजता तिने मला काठावर बोलावले. पत्रके तिथूनच वाटायची होती. पंधरावीस माणसे जमली होती. दोन संशोधन करणारे विद्यार्थी, निवृत्त अभियंते, मनोऱ्यांत राहणाऱ्या तीनचार स्त्रिया, आणि जवळच्या पाड्यावरचे एक वारली म्हातारबाबा. खांद्यावर जाळे, अंगात कुणीतरी दिलेला एका बँकेचा टी-शर्ट. मुलीने माझे पत्रक मोठ्याने वाचून दाखवले. बाबांनी ते अगदी शेवटपर्यंत ऐकून घेतले, आणि मग तिला विचारले, “हे कोणासाठी लिवलंय? देवासाठी का माणसांसाठी?”

मंडळी हसली. मीही हसलो, पण वाचकहो, कान लाल झाले होते. मग तिथेच, एका बाकावर कागद ठेवून, बाबा बोलतील तसे लिहीत गेलो आणि पत्रक चार ओळींचे झाले. ही मगरीची जागा आहे. इथे ती अंडी घालते. इथे दगड टाकले तर ती कुठे जाणार? तुमच्या रस्त्यावर. एम. ए. झाल्यापासून इतके नेमके मराठी मी लिहिले नव्हते, आणि तेही माझे नव्हते.

त्या दिवशी बाबांनी मला काठ दाखवला. आजवर मी खिडकीतून पाणी पाहत होतो, काठ म्हणजे आपला पाण्याभोवतीचा चिखल, अशी माझी समजूत. ते म्हणाले, “तुम्ही म्हनता मगर पान्यात ऱ्हाते. ती ऱ्हाते काठाला. पान्यात जाते पोट भरायला.” उताराच्या मातीतली एक जागा त्यांनी लांबूनच काठीने दाखवली, जवळ जाऊ दिले नाही. घरी येऊन मी पुस्तके चाळली, तर बाबांचे बोलणे अक्षरशः खरे. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान मादी पाण्याच्या रेषेच्या वर, उताराच्या मातीत खड्डा करते आणि त्यात पंचवीस-तीस अंडी घालून वर माती लोटते. उबवण्याचे काम ती उन्हावर आणि मातीवर सोपवते. त्या मातीच्या उबेवरूनच पिल्लू नर होणार की मादी, ते ठरते. स्वतः मात्र आसपास पहारा करते. दोनएक महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, आतून पिल्लांचा आवाज आला, की ती खड्डा उकरते आणि एकेक पिल्लू जबड्यात धरून पाण्यापाशी नेऊन सोडते. ज्या जबड्याच्या नावाने आपण लहानपणी जेवलो, त्याच जबड्यात!

नाहीतरी या प्राण्यावर आपल्या वाङ्मयाने अन्यायच केला आहे. गजेंद्राचा पाय धरणारा नक्र तो, आणि माकडाच्या काळजावर टपलेला पंचतंत्रातला कपटी मित्रही तोच. त्यातल्या त्यात मराठी म्हण बरी. ‘पाण्यात राहून माशाशी वैर’ असे आपण म्हणतो. मगरीला तिथे नेऊन बसवले ते हिंदी बोलणाऱ्यांनी.

या उताराच्या मातीवरून सायकलवाट जाणार होती. जाळीच्या पेट्यांत दगड भरून ते काठाने रचायचे आणि त्यावर वाट करायची, अशी योजना. महापालिकेचे म्हणणे असे, की या दगडांच्या फटींतून पाणी जातयेत राहील, म्हणजे ही काही भर घालणे नव्हे. ऐकायला पटण्यासारखे आहे. मलाही पटले होते. पण पाणी जाईल, मगर कशी जाईल? दगडाच्या पेटीत ती खड्डा कसा खणील? हा प्रश्न माझ्या लेखात कुठेच नव्हता, कारण माझ्या लेखात काठच नव्हता. होते ते पाणी, ऊन आणि माझी साखर.

आय. आय. टी. तल्या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी न्यायालयात धाव घेतली होती. ‘वनशक्ती’ ही संस्थाही त्यात उतरली. बाजू मांडताना २०१७चे पाणथळ जागांचे नियम पुढे आले. पाणथळ जागेत कायमची बांधकामे, भराव यांना त्या नियमांनी मनाई आहे. ६ मे २०२२ रोजी मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती मकरंद कर्णिक यांच्या खंडपीठाने निकाल दिला. काम बेकायदा ठरले. झालेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करावी, असा आदेश झाला. त्या संध्याकाळी विद्यार्थिनीचा निरोप आला, “सर, आपली मगर पास!”

एका शहरात, एका रस्त्याच्या कडेला, चिखलाची एक पट्टी वाचली, यात एवढे काय, असे कोणी म्हणेल. म्हणणाऱ्याला मी २६ जुलै २००५ची आठवण देईन. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदी घराघरांत शिरली. ही मिठी निघते ती विहार आणि पवईच्या ओसंडणाऱ्या पाण्यातून. पाऊस पडला की काठाचा चिखल पाणी धरतो, मुरवतो. दगड-सिमेंट ते पुढे ढकलते, कुर्ल्याच्या दिशेने. मिठीकाठच्या झोपड्यांत राहणारे माझे विद्यार्थी आहेत. त्यांच्या वह्या त्या पुरात गेल्या नसतील, कारण ते तेव्हा तान्हे होते. पण त्यांच्या घरांतून पुराची रेघ अजून भिंतीवर दाखवतात.

स्टाफरूममध्ये ही हकीकत सांगितली तेव्हा आमचे एक सहकारी, मूळचे फोंड्याचे, म्हणाले, “यात नवल काय? आमच्याकडे मगरीची पूजा होते.” गोव्यात दुर्भाट, भोम या बाजूला पौष अमावास्येला ‘मानगे थापणी’ असते. खाडीकाठी चिखलाची मगर थापतात, शिंपल्यांचे खवले, काटक्यांचे दात लावतात, आणि तिची पूजा करतात. बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली त्यांची खाजणाची शेते आहेत; त्या बांधाच्या पलीकडे मगर. तिने आपली मर्यादा सांभाळावी, आपण आपली. आरेच्या पाड्यांवर वाघोबाला मानतात, त्यातही शेजारधर्माचा हाच हिशेब असावा. आपण मात्र शेजाऱ्याच्या अंगणातून सायकली न्यायला निघालो होतो.

एवढे सांगून मी थांबलो तर ही गोष्ट गोड होईल, पण खरी होणार नाही. एक गोष्ट मला अजूनही सलते. विरोध करणाऱ्या आम्हा मंडळींत मनोऱ्यांतली जी घरे आहेत, त्यांना खाली स्वतःची बाग आहे, चालायला आखलेली वाट आहे. ज्यांना ती नाही, त्यांना त्या सायकलवाटेचा मोह पडला तर तो गुन्हा नव्हे. माझ्याच मजल्यावर एक आजी राहतात. गुडघे बदललेले. त्या जिन्याच्या कठड्याला धरून आमच्या मजल्याच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालतात. एकवीस पावले जायची, एकवीस यायची. निकालानंतर त्यांनी मला सरळ विचारले, “मगरीची सोय झाली. आमची कधी?” मी उत्तर दिले नाही. काठ सोडून, रस्त्याच्या बाजूला, पदपथच नीट केला तर त्यांची सोय होण्यासारखी आहे, असे आम्ही मंडळींनी पुढे एका अर्जात लिहिले. अर्ज चार ओळींचाच होता. त्याची पोच मिळाली आहे, आणि ती मी जपून ठेवली आहे.

गटारांचे पाणी अजून तलावात येते. जलपर्णी काढायची, ती पुन्हा माजायची, हे चक्र दरसाल चालते. निकालाने दगड अडवले. मैला काही न्यायालयाच्या पायरीवर अडत नाही. बाबा म्हणतात, आता जाळ्यात पूर्वीचे मासे लागत नाहीत; येते ती चिलापीच जास्त. आमची रविवारची मंडळी पंधरावीसची कधी आठ होतात, कधी पाऊस असला तर तीन. गणपतीनंतरच्या रविवारी मात्र चाळीस येतात. काठावरचे निर्माल्य, प्लास्टिक, थर्माकोल, बाटल्या वेचायच्या. पाण्यात उतरायचे नाही आणि बाबांनी खूण केलेल्या जागेकडे जायचे नाही, हे दोनच नियम. काम दोन तासांचे, त्यात माझी चालणी आपोआप होते. डॉक्टरांनी मागल्या खेपेला कागद पाहून विचारले, “काय करता हो हल्ली?” मी म्हटले, “केर काढतो.” त्यांना तो विनोद वाटला.

पहिल्या वर्षी मी कॉलेजचे बूट घालून गेलो आणि ते चिखलात कामी आले. घरी त्यावरून जे संभाषण झाले, ते या सदरात देण्याजोगे नाही. या दिवाळीला गमबूट घ्यायचे ठरले आहे. मुलुंडच्या बाजारात तीन दुकाने फिरलो; माझ्या पायाचे माप नऊ, आणि दुकानदाराकडे होते ते आठ, नाहीतर दहा. अखेर दहाचे बांधून घेतले. आत मोजे दोन घालावेत, असे सौभाग्यवतींचे मत पडले. येत्या रविवारी पाहू.